सीटखालचा एक बोल्ट: भाच्याच्या गाडीतल्या आवाजाचं प्रकरण

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात भाच्याचा फोन आला. "मामा, गाडीमा आवाज नीट येत नही. रेस दिधी का कुईं करस, आवाज मोठा कया का बंदच पडी जास." पंधरा हजार रुपये त्यानं बाजूला काढून ठेवले होते. मोठा अ‍ॅम्प, म्हणजे स्पीकरला ताकद देणारा अ‍ॅम्प्लिफायर, आणि नवे स्पीकर घ्यायचे ठरवलेलं होतं, कोणते घ्यायचे तेवढंच मी सांगायचं होतं.

माझं अमळनेरला मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या मोटारी, सबमर्सिबल, स्टार्टर, पॅनेल बोर्ड हे रोजचं काम. गाडीच्या साउंडचं काम मी धंदा म्हणून करत नाही, पण घरच्यांच्या आणि मित्रांच्या गाड्यांत हौसेनं बरंच केलं आहे. रोजच्या कामानं मला एक सवय लावली. शेतकरी येतो आणि म्हणतो, मोटार पाणी कमी फेकते, पाचाऐवजी साडेसात हॉर्सपॉवरची घेऊ का? मी आधी विचारतो, डीपीपासून विहीर किती लांब, केबल कोणती, आणि मोटार चालू असताना तिच्या टर्मिनलवर व्होल्टेज किती येतं. पातळ केबलवर मोठी मोटार टाकली तर ती करंट जास्त ओढते, व्होल्टेज आणखी पडतं आणि वाइंडिंग जळून माझ्याकडे येतं. गाडीतला अ‍ॅम्प हा त्याच जातीचा प्रश्न आहे. म्हणून भाच्याला म्हटलं, पैसे खिशात ठेव, मी रविवारी येतो, आधी मोजू.

बहिणीचं घर पारोळा तालुक्यात. खान्देशातल्या एप्रिल-मे महिन्यात गाडीचं काम करायचं तर पहाटे. सहाला अंगणातल्या निंबाखाली गाडी लावली, अकराला थांबलो. पुन्हा पाचनंतर. असे दोन रविवार लागले.

गाडी २०१६ सालची पेट्रोल हॅचबॅक, दोन वर्षांपूर्वी जुनी घेतलेली. मागच्या दिवाळीत भाच्यानं एका शहरातल्या दुकानात साउंड करून घेतला होता. डॅशबोर्डात नवा स्टिरिओ, पुढच्या दारांत साडेसहा इंची स्पीकर, मागच्या दारांत कंपनीचे मूळचेच, आणि डाव्या सीटखाली चार चॅनेलचा अ‍ॅम्प, चॅनेलमागे ५० वॅट आरएमएस, म्हणजे सलग देता येते ती ताकद. खोक्यावर मोठ्या अक्षरांत यापेक्षा कितीतरी मोठा आकडा छापलेला होता, पण तो क्षणभराच्या शिखराचा असतो. हिशेब आरएमएसवरच करावा.

बॉनेट उघडलं आणि पहिली गोष्ट दिसली तिनं माझं डोकं तापलं. बॅटरीच्या प्लसवरून निघालेली लाल वायर थेट बॉनेटच्या बिजागरीजवळच्या फटीतून दाराच्या बाजूनं आत गेली होती. बॅटरीपाशी फ्यूज नाही. फ्यूज होता, पण सीटखाली अ‍ॅम्पला लागून. म्हणजे बॅटरीपासून सीटपर्यंतची चार मीटर वायर पूर्ण बिनसंरक्षणाची. बिजागरीपाशी पत्र्याच्या धारेनं तिचं वरचं कवच कापलं जायला लागलं होतं. हा फ्यूज अ‍ॅम्पसाठी नसतो, वायरसाठी असतो. अ‍ॅम्पचा स्वतःचा फ्यूज अ‍ॅम्पवर असतोच. बॅटरीपाशी जो लावायचा तो यासाठी, की वाटेत कुठे वायर पत्र्याला टेकली तर बॅटरी तिच्यातून शेकडो अँपिअर ढकलेल आणि वायर पेटेल, त्याआधी फ्यूज उडावा. तो बॅटरीपासून फार तर दीड फुटावर हवा, मी तर वीतभर अंतरातच लावतो. भाच्याला ते कापलेलं कवच बोटानं दाखवलं. तो काही बोलला नाही, पण त्या दिवशी आवाजाबद्दल पुन्हा घाईही केली नाही.

मोजमापाला लागलो. वायरीभोवती धरून करंट मोजायचा माझ्याकडचा क्लॅम्प मीटर एसीचा, गाडीत त्याचा उपयोग नाही. सौर पंप बसवणाऱ्या एका मित्राकडून डीसी क्लॅम्प मागून आणला होता. स्पीकर काढून त्यांच्या जागी जाड अ‍ॅल्युमिनियम पट्टीवर बसवलेले ४ ओहमचे चार रेझिस्टर जोडले, कारण सलग टोन, म्हणजे एकच सूर, पूर्ण जोरात स्पीकरवर वाजवला तर कॉइल जळते. पेनड्राइव्हवर ३०० हर्ट्झचा टोन. एवढाच का, तर साध्या मल्टिमीटरची एसी रेंज साधारण ५० ते ४०० हर्ट्झमध्येच भरवशाची असते. बरेच लोक १००० हर्ट्झचा टोन लावून स्वस्त मीटरनं मोजतात आणि चुकीच्या आकड्यावर विश्वास ठेवतात.

इंजिन चालू, टोन चालू. बॅटरीच्या टर्मिनलवर १३.९ व्होल्ट. अ‍ॅम्पच्या टर्मिनलवर ११.७. करंट २४ अँपिअर. २.२ व्होल्ट वाटेत हरवत होते. कुठे, ते शोधायला मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसवर, दुसरी अ‍ॅम्पच्या प्लसवर: १.४ व्होल्ट. मग बॅटरीच्या मायनसपासून अ‍ॅम्पच्या मायनसपर्यंत: ०.८. दोन्ही बाजू आजारी होत्या.

प्लसच्या १.४ पैकी ०.६ व्होल्ट एकट्या फ्यूज होल्डरवर पडत होतं. ०.६ गुणिले २४, म्हणजे १४ वॅटची उष्णता, बारक्या सोल्डरिंग आयर्नच्या निम्म्याहून जास्त, एका प्लास्टिकच्या नळीत आणि तीही गालिच्याखाली. होल्डर उघडला तर आतलं प्लास्टिक तपकिरी झालेलं, वायरीचे पीळ नुसते स्क्रूखाली दाबलेले. उरलेलं व्होल्टेज वायरीत. वायरीवर '८ गेज' छापलेलं. खऱ्या ८ गेजात ८.४ चौरस मिलिमीटर तांबं असायला हवं. वायर कापली तर कवच जाड आणि आतला गाभा कसाबसा चारचा. त्यातली एक तार ब्लेडनं खरवडली. वरून तांबूस, आत पांढरी. तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम, बाजारात ज्याला सीसीए म्हणतात. त्याचा रोध तेवढ्याच जाडीच्या तांब्याच्या दीडपटीहून थोडा जास्त असतो. ही परीक्षा दुकानातच करता येते: एक तार ब्लेडनं खरवडून बघा, नाहीतर काडीपेटीच्या ज्योतीत धरा. अ‍ॅल्युमिनियम वितळून गोळी होते आणि गळून पडते, तांबं लाल होऊन तसंच राहतं.

आता अ‍ॅम्प बंद का पडत होता ते उघड झालं. सलग टोनला ११.७ व्होल्ट. गाण्यात ढोलाचा ठोका आला की करंट क्षणभर याहून वर जातो, व्होल्टेज आणखी खाली, आणि अ‍ॅम्प स्वतःला वाचवायला लाल दिवा लावून बसतो. भाचा यावर मोठा अ‍ॅम्प बसवणार होता. त्यानं करंट आणखी ओढला असता.

वायर मी तयार किटमधली घेतली नाही. वेल्डिंगची तांब्याची केबल घेतली, १६ स्क्वेअर एमएम. बारीक तारांची असल्यानं वळते छान, तिचं कवच उष्णता आणि तेल सोसतं, आणि तालुक्याच्या गावी मीटरवर मिळते. तीसुद्धा अ‍ॅल्युमिनियममध्ये येते, म्हणून तीच ब्लेडची परीक्षा इथेही केली. गणित सोपं आहे: तांब्याच्या एक चौरस मिलिमीटर जाडीच्या एक मीटर तारेचा रोध ०.०१७२ ओहम. चार मीटर, सोळा जाडी, म्हणजे ०.००४३ ओहम. जुन्या वायरीच्या सहाव्या हिश्श्याहून कमी.

आधी बॅटरीचं मायनस सोडलं, काम संपल्यावर तेच शेवटी जोडलं. केबल फायरवॉलमधल्या, म्हणजे इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यातल्या, मूळच्या रबरी बुचातून आत घेतली. बॅटरीपासून वीतभर अंतरावर ४० अँपिअरचा फ्यूज, कारण अ‍ॅम्पवरचा ३० चा आहे. टोकांना कथिल चढवलेले तांब्याचे लग, पॅनेल बोर्डासाठी वापरतो त्याच हायड्रॉलिक क्रिम्पिंगनं दाबलेले. पीळ देऊन टेप गुंडाळलेला सांधा खान्देशच्या उन्हात दोन उन्हाळे टिकत नाही, टेपचा गोंद पाझरून जातो आणि सांधा उघडा पडतो. एअरबॅगच्या वायरी पिवळ्या कवचात असतात. त्या सीटखालीही असू शकतात. त्यांना हात लावायचा नाही, त्यांच्यावर मीटरही टेकवायचा नाही, हे भाच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.

मायनसच्या बाजूला मूळ दोष होता तो एका बोल्टात. अ‍ॅम्पची काळी वायर सीटच्या रुळाच्या बोल्टाखाली दाबलेली. बोल्ट रंगवलेला, त्याच्या खालचा पत्रा रंगवलेला, आणि वायरीचं टोक नुसतं उघडं करून गुंडाळलेलं. मी पान्यानं हलवायला गेलो तर तो बोल्ट हातानंच फिरला. सीटचा बोल्ट हा माणसाच्या जिवासाठी असतो. तो सोडून त्याखाली वायर घालणं मला अजिबात पटत नाही. सीटचा बोल्ट ठरलेल्या जोरानं कसून परत बसवला. ग्राउंडसाठी, म्हणजे मायनस बॉडीच्या पत्र्याला जोडायला, गालिच्याखालची आडवी पट्टी निवडली. आधी गाडी जॅकवर घेऊन खालून पाहिलं, पेट्रोलची आणि ब्रेकची नळी जवळपास नाही ना. मग भोक. रंग पॉलिश पेपरनं पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, दातेरी वॉशर, बोल्ट, नट, वरून पुन्हा रंग म्हणजे गंज धरत नाही. वायर फक्त अर्धा मीटर. बॅटरीच्या मायनसपासून बॉडीलाही त्याच केबलीचा एक जादा तुकडा दिला.

पुन्हा तोच टोन, तेच रेझिस्टर. बॅटरीवर १३.८, अ‍ॅम्पवर १३.५. करंट आता २८ अँपिअर, म्हणजे अ‍ॅम्प जास्त काम करत होता, तरी प्लसच्या बाजूचं नुकसान ०.२ आणि मायनसचं ०.०६. फ्यूज होल्डर हाताला गारच लागत होता.

दाजी तोवर चहा घेऊन आले होते. म्हणाले, "मग झालं ना सगळं?" मलाही तसंच वाटलं होतं. स्पीकर जोडले, गाणं लावलं. लाल दिवा आला नाही. पण भाच्यानं रेस दिली, आणि कुईं तशीच.

या कुईंनं माझा अर्धा दिवस खाल्ला, आणि तो माझ्या चुकीमुळे गेला, म्हणून हा भाग सविस्तर सांगतो.

आवाज कुठून येतो ते आधी. आल्टरनेटर म्हणजे तीन फेजचं छोटं जनरेटर. त्याची एसी डायोडमधून जाऊन डीसी होते, पण गुळगुळीत होत नाही, तिच्यावर बारीक लाटा राहतात. इंजिन जोरात फिरलं की लाटा जलद होतात, म्हणून कुईंचा सूर रेसबरोबर चढतो. अशी कुईं रेसबरोबर चढत असेल तर ती बहुधा आल्टरनेटरचीच. प्रश्न इतकाच, की त्या लाटा गाण्याच्या वाटेत शिरतात कुठून. स्टिरिओ डॅशबोर्डात एका जागी ग्राउंड झालेला, अ‍ॅम्प सीटखाली दुसऱ्या जागी. दोघांना जोडणारी आरसीए केबल, आत गाण्याची तार आणि बाहेर जाळीचं कवच. दोन ग्राउंडमध्ये फरक असेल तर तो फरक त्या जाळीतून वाहतो आणि अ‍ॅम्पला गाण्याचाच भाग वाटतो.

माझं अनुमान असं झालं, की ग्राउंड आता दुरुस्त आहे, तेव्हा दोष आरसीए केबलीचा. जुन्या दुकानानं ती प्लसच्या वायरीला टेपनं बांधूनच नेली होती, ते चुकीचं होतंच. मी डाव्या बाजूचा गालिचा उचलला, केबल काढली, नवी चांगली आरसीए आणली, मधल्या कन्सोलखालून उजव्या बाजूनं नेली. कुईं किंचित कमी झाली, गेली नाही. उन्हं चढली होती, भाचा घामाघूम, आणि मी एका गृहीतकाला चिकटून बसलो होतो. रिवाइंडिंगमध्ये मी नव्या पोराला रोज सांगतो, अर्धं अर्धं करत जा, दोष कोणत्या अर्ध्यात आहे ते आधी ठरव. तेच मी केलं नव्हतं.

संध्याकाळी तसं केलं. अ‍ॅम्पमधून आरसीए काढली: शांत. म्हणजे अ‍ॅम्प, त्याची वीज, स्पीकरच्या वायरी निर्दोष. मग भाच्याचा मोबाईल, चार्जरला न लावता, साध्या कॉर्डनं थेट अ‍ॅम्पला जोडला: गाणं स्वच्छ, कितीही रेस दिली तरी कुईं नाही. म्हणजे दोष स्टिरिओत किंवा त्याच्या ग्राउंडमध्ये. स्टिरिओ बाहेर ओढला. काळी वायर बॉडीशी तपासली, ठीक. मग मीटर बीपवर ठेवून एक पिन स्टिरिओच्या पत्र्याच्या खोक्यावर आणि दुसरी मागच्या आरसीएच्या बाहेरच्या कडीवर टेकवली. बीप वाजायला हवा होता. वाजला नाही. ती कडी कशालाच जोडलेली नव्हती.

बऱ्याच स्टिरिओंत या कडीच्या वाटेत एक इवलासा फ्यूज असतो, तांदळाच्या दाण्याहून लहान, सर्किट बोर्डावरच चिकटवलेला. तो उडाला की बाहेरून काही कळत नाही. गाणं वाजत राहतं, फक्त त्याला धड ग्राउंड उरत नाही आणि आल्टरनेटरच्या लाटा सरळ आत येतात. तो उडाला कशानं, याचं उत्तर मला त्या हातानं फिरणाऱ्या बोल्टात दिसतं. सीट मागेपुढे होताना बोल्ट ढिला झाला, अ‍ॅम्पचा ग्राउंड क्षणभर तुटला. अ‍ॅम्पच्या करंटला बॅटरीकडे परतायला वाट हवी, आणि त्याला एकच उरली: आरसीएची जाळी. वीसेक अँपिअरचा तो लोंढा तांदळाएवढ्या फ्यूजनं काय सोसायचा. भाचा म्हणालाच, कुईं पहिल्या दिवसापासून नव्हती, संक्रांतीच्या सुमारास सुरू झाली.

खात्री करायला वायरीचा एक तुकडा घेतला. इंजिन चालू, रेस दिलेली, कुईं चढलेली. तुकड्याचं एक टोक आरसीएच्या कडीवर धरलं आणि दुसरं खोक्याच्या स्क्रूला टेकवलं. कुईं मधोमध कापल्यासारखी थांबली. उचललं, आली. टेकवलं, गेली. भाचा रेसवरचा पाय काढायलाच विसरला. "मामा, परत करी दखाड," म्हणाला. पाच-सहा वेळा तरी केलं.

खरी दुरुस्ती म्हणजे स्टिरिओ उघडून तो फ्यूज बदलणं. पण ते बारीक काम आहे, बोर्डावरचे पट्टे उखडले तर स्टिरिओच जातो. मी कडीला बाहेरून तांब्याची तार सोल्डर करून ती खोक्याच्या मागच्या स्क्रूखाली घट्ट केली. यानं काम पूर्ण होतं, पण मग संरक्षण त्या फ्यूजचं राहत नाही, अ‍ॅम्पच्या ग्राउंडचं राहतं. म्हणून भाच्याला ताकीद दिली: पुढे कधीही अ‍ॅम्पला हात लावशील तर आधी बॅटरीचं मायनस सोड. आरसीए लागलेली असताना आणि वीज चालू असताना अ‍ॅम्पची काळी वायर कधीच काढायची नाही.

दारांचं काम दुसऱ्या रविवारी.

डाव्या दाराची काच महिन्याभरापासून अडकत होती. भाच्याला ते वेगळंच दुखणं वाटत होतं. ट्रिम, म्हणजे दाराचं आतलं आवरण, काढली तेव्हा कारण आत सापडलं. आवाज घट्ट व्हावा म्हणून जुन्या दुकानानं दाराच्या पत्र्यावर डांबरी शीट चिकटवलेलं होतं, गच्चीच्या गळतीला लावतात त्या जातीचं. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जातो, उन्हात उभ्या बंद गाडीत ६० अंश सहज ओलांडतात. डांबर नरम होऊन खाली सरकलं होतं आणि काचेच्या खाचेत जाऊन बसलं होतं. शिवाय दाराच्या तळाची पाणी जाण्याची दोन भोकं त्यानं बुजवली होती. पहाटेच्या गारव्यात ते जरा कडक असतं, तेवढ्या वेळात लाकडी पट्टीनं खरवडलं, उरलेलं रॉकेलच्या फडक्यानं पुसलं. दोन तास त्यात गेले.

मग स्पीकर. डाव्याचा रोध ३.४ ओहम, उजव्याचा ३.५. चार ओहमच्या स्पीकरला मीटर एवढंच दाखवतो, ते बरोबर आहे. पण उजव्याचा कोन, म्हणजे पुढचा हलणारा पडदा, दोन्ही अंगठ्यांनी सारखा दाबला तर आत बारीक खरखर. कॉइल तापून वाकडी झाली होती. कमी व्होल्टेजवर अ‍ॅम्पला ओरडायला लावलं की लाटेचे शेंडे कापले जातात आणि तो फाटका आवाज कॉइलला भाजतो. दीड व्होल्टच्या सेलनं दिशाही तपासली: प्लसला प्लस लावला की कोन बाहेर यायला हवा. स्पीकर बरोबर होते, पण डाव्या दारातलं वायरीचं जोडकाम उलटं. एक कोन बाहेर ढकलतो तेव्हा दुसरा आत ओढतो, आणि दोन सीटच्या मध्ये खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात. बास येत नाही, ही भाच्याची तक्रार बरीचशी त्या दोन उलट्या पिनांची होती.

पुढची जोडी मात्र बदलावी लागली. जळगावहून आणली. निवड करताना मी तीनच गोष्टी पाहिल्या: आरएमएस ५० च्या आसपास, संवेदनशीलता, म्हणजे तेवढ्याच वॅटमध्ये आवाज किती मोठा, ९० डीबीच्या वर, आणि कोन पॉलिप्रॉपिलिनचा व त्याची कड रबराची. फोमची कड आपल्या उन्हात भुसभुशीत होऊन झडते.

नवा स्पीकर जुन्यापेक्षा खोल. मागचं चुंबक खाली आलेल्या काचेला लागेल का, हे दाराच्या आत डोळ्यानं दिसत नाही. ताईकडून कणकेचा लिंबाएवढा गोळा मागून घेतला, थोडं तेल लावून चुंबकाच्या मागे चिकटवला, स्पीकर जागेवर धरला आणि भाच्याला काच सावकाश पूर्ण खाली घ्यायला सांगितली. बाहेर काढून दबलेल्या कणकेत काडी खुपसून मोजलं: ३ मिलिमीटर. फार कमी, दार आपटलं की काच हलते. मग १२ मिलिमीटर जाडीच्या पीव्हीसी शीटमधून रिंग कापली आणि स्पीकर तेवढा बाहेर घेतला. लाकडाच्या भुशाच्या बोर्डाची रिंग स्वस्त पडते, पण दाराच्या आत पावसाचं पाणी येतंच, ती फुगते.

दाराला सर्वांत जास्त वेळ द्यावा असं माझं मत आहे, आणि तिथेच लोक सर्वांत कमी देतात. कोन पुढे ढकलतो तेव्हा मागे ओढतोही. मागची लाट आतल्या पत्र्याच्या मोठ्या भोकांतून बाहेर येऊन पुढच्या लाटेला मारते, आणि मार खातात ते खालचे सूर. स्पीकर कितीही महाग घ्या, दार उघडं असेल तर तो पोकळच वाजेल. बाहेरच्या पत्र्यावर, स्पीकरच्या बरोबर मागे आणि भोवती, ब्युटाइल या चिकट रबरी शीटचे तुकडे रोलरनं दाबून बसवले. ब्युटाइल उन्हात डांबरासारखं वाहत नाही. सगळा पत्रा मढवायची गरज नसते, बोटानं टिचकी मारून जिथे पत्रा टणटणतो तिथेच लावायचं. आतल्या पत्र्याच्या मोठ्या भोकांवर एक मिलिमीटरचं अ‍ॅल्युमिनियम कापून स्क्रूनं बसवलं, कडा ब्युटाइलनं बंद केल्या, म्हणजे उद्या काचेची मोटार काढायची झाली तर पट्टी खोलता येते. तळाची भोकं सुईनं टोचून मोकळी केली.

दारातली स्पीकरची मूळ वायर मात्र तशीच ठेवली. भाचा म्हणत होता, तीही जाड टाकू. दार आणि बॉडीमधल्या रबरी नळीतून नवी वायर ओढणं त्रासाचं, आणि दोन मीटरच्या त्या पाऊण चौरस मिलिमीटर वायरीत जाऊन-येऊन ०.०९ ओहम रोध भरतो, स्पीकरच्या चार ओहमपुढे कानाला न कळणारा. जिथे २८ अँपिअर जातात तिथे जाडी लागते. स्पीकरला ५० वॅटवरही साडेतीनच अँपिअर लागतात.

शेवटी गेन. अ‍ॅम्पवरचं ते बटण आवाज वाढवायचं नाही, स्टिरिओची ताकद अ‍ॅम्पशी जुळवायचं आहे. जुन्या दुकानानं ते शेवटपर्यंत फिरवून ठेवलं होतं, आणि त्यामुळे कुईंसुद्धा पूर्ण मोठी होऊन येत होती. स्पीकर सुटे केले, स्टिरिओ ४० पैकी ३० वर, टोन लावला. ५० गुणिले ४ म्हणजे २००, त्याचं वर्गमूळ १४.१. अ‍ॅम्पच्या आउटपुटवर मीटर १४.१ व्होल्ट दाखवेपर्यंत गेन शून्यापासून सावकाश चढवला. बटण अर्ध्याच्याही अलीकडे थांबलं. मागच्या जोडीला याहून बराच कमी दिला, कारण मूळचे स्पीकर तेवढे सोसणारे नाहीत, आणि आवाज समोरूनच यायला हवा. पुढच्या जोडीला ८० हर्ट्झचा हाय-पास, म्हणजे खालचे सूर अडवणारी गाळणी, लावला. त्याखालचे सूर साडेसहा इंची कोनाच्या आवाक्यातले नसतात, तिथे तो नुसता हापसत राहतो आणि वरचे सूरही घाण करतो.

अंधार पडल्यावर ताई येऊन पुढच्या सीटवर बसली. तिच्या मोबाईलमध्ये मागच्या श्रावणातलं कानबाईच्या गाण्यांचं रेकॉर्डिंग आहे, घरातल्या बायका एकत्र बसून म्हणतानाचं. फोनच्या रेकॉर्डिंगमध्ये खालचे सूर फारसे नसतात, सगळा जीव मधल्या सुरांत असतो, त्यामुळे बायकांचा आवाज तपासायला मला ते कोणत्याही गाण्यापेक्षा बरं वाटतं. आधी तेच रेकॉर्डिंग गाडीत एक गोंगाट होता. आता एकेक गळा वेगळा झाला. ताईनं हात वर करून भाच्याला थांबवलं, "मांगे ले थोडं," आणि एक ओळ दोनदा ऐकली. म्हणाली, "हाऊ आवाज मोठ्या जावचा शे. तिले ताप व्हता तवय, तरी बसनी व्हती."

पंधरा हजारांतले साडेआठ हजार गेले, त्यातले निम्म्याहून जास्त स्पीकरांच्या जोडीवर. केबल, लग, फ्यूज आणि ब्युटाइल बाकीच्यात बसलं. अ‍ॅम्प तोच आहे. मे महिन्यात भाचा अमळनेर-धुळे भर दुपारी ये-जा करत होता, लाल दिवा एकदाही लागला नाही. सीटखाली हवा खेळावी म्हणून अ‍ॅम्प गालिच्यापासून बोटभर उंच पट्ट्यांवर बसवला आहे. मागची दारं अजून उघडीच आहेत, ती दिवाळीच्या सुट्टीत करू.

जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर मी मुद्दाम गेलो. डाव्या दाराची ट्रिम काढली. ब्युटाइल जागेवर, काच सरळ, आणि तळाच्या दोन भोकांतून पाणी थेंबथेंब बाहेर पडत होतं. टोन लावून ग्राउंडवर मीटर धरला, ०.०६. भाच्यानं तो आकडा तारखेसह एका कागदावर लिहिला आणि कागद फ्यूज बॉक्सच्या झाकणात आतून चिकटवला.